मधे बोलणारी लाल रेघ

मी रेघ बोलतेय. लाल, बारीक, नागमोडी. तुम्ही काही टाइप करायला बसलात आणि एखादा शब्द चुकलात, की त्याच्या पायाखाली जी हळूच उमटते ना, तीच मी. बघा, लगेच कपाळाला आठ्या पडल्या. माझ्याकडे प्रेमाने बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. पेपर तपासणाऱ्या मास्तरांची मी सख्खी बहीण, असंच सगळ्यांना वाटतं.

खरं तर मी दिसते तेवढीच नाही. रेघ म्हणजे माझं नुसतं नाक म्हणा. बाकीची मी आत आहे. आत शब्दांचा भलामोठा साठा आहे आणि दोन नियम आहेत. शब्द साठ्यात असला तर गप्प बसायचं. नसला तर रेघ ओढायची. या दोन नियमांच्या मधे माझा सगळा जन्म गेला. इथे दार नाही, खिडकी नाही, आणि बाहेर काय चाललंय ते दिसत असूनही मला एक पाऊल टाकता येत नाही.

माझा जन्म एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात झाला. तिथला एसी इतका गार असायचा की लोक खांद्यावर शाल घेऊन काम करत. मला घडवलं एका प्रोग्रामर पोरीने. तिला पेनाची टोपणं चावायची सवय होती, आणि ऑफिसात कुणाचं पेन बिनाटोपणाचं दिसलं की सगळे तिच्याकडे बघत. ती 'बोलकी पाटी' नावाचं एक अ‍ॅप करत होती. ज्यांचा आवाज गेलाय अशांसाठी. टॅबलेटवर टाइप करायचं, 'बोल' असं लिहिलेलं मोठं हिरवं बटण दाबायचं, की पाटी खणखणीत आवाजात वाचून दाखवणार.

कल्पना चांगली होती, पण आजारी माणसाच्या बोटाचा नेम चुकतो. एका दवाखान्यात एका गृहस्थांना 'कूस बदलायची आहे' असं म्हणायचं होतं. बोट शेजारच्या अक्षरावर पडलं. पाटीने गंभीरपणे जाहीर केलं, "कूस बदकायची आहे." सगळा वॉर्ड खो खो हसला आणि तो बिचारा लाजून त्याच कुशीवर पडून राहिला. तशी तक्रार ऑफिसात आली.

साहेब म्हणाले, "स्पेलचेक टाकून दे ना. दोन ओळींचं तर काम आहे."

"सर, मराठी आहे," ती म्हणाली. "एकेका शब्दाला किती शेपट्या! घर, घराला, घरात, घरातला, घरातल्याच, घरातल्यांनासुद्धा..."

"मग सगळ्या टाक."

बोलायला काय जातं! पोरगी कामाला लागली. शब्द गोळा केले, त्यांच्या शेपट्या जोडल्या, ऱ्हस्व-दीर्घावरून स्वतःशीच भांडली. एके दिवशी तिने मुद्दाम 'आइ' असं लिहिलं आणि श्वास रोखून बसली. मी त्या शब्दाखाली उमटले. तिने टाळी वाजवली आणि म्हणाली, "अगं, दिसली! आली की गं तू!" मला कुणी असं बोलावल्याची ती एकच वेळ. म्हणून मी तिला मनातल्या मनात आई म्हणते, दीर्घ ई काढून.

तिने मला तीन बटणंही दिली होती. 'दुरुस्त करा', 'राहू द्या' आणि 'हा शब्द शिका'. तिसरं बटण म्हणजे माझं दार होतं. त्या दारातून लोकांचे घरातले शब्द आत आले असते, लाडाची नावं आली असती, आणि मी शहाणी झाले असते.

साहेबांनी पाहिलं. "एवढी बटणं? पेशंट बरा व्हायला आलाय की शब्दकोश लिहायला? काढून टाक."

बटणं गेली. मग साहेब म्हणाले, "आणि ही रेघ तरी कोण बघणार? आपोआप दुरुस्त होऊ दे."

"सर, पण चुकीचं दुरुस्त झालं तर?"

"चुकीचं दुरुस्त कसं होईल? दुरुस्त म्हणजेच बरोबर."

तिने टोपण चावलं आणि मला हात बसवले. त्या दिवसापासून मला नवं काम लागलं. शब्द साठ्यात नसला तर रेघ ओढायची, आणि माणसाने स्पेस दाबली की तो शब्द उचलून त्याच्या जागी सगळ्यात जवळचा शब्द ठेवायचा. जवळचा म्हणजे अर्थाने नव्हे हो, दिसायला जवळचा. अर्थाशी माझी ओळखच करून दिली नव्हती.

अशी सगळी तयारी होऊन मी एका शुश्रूषा केंद्रात आले. शहराच्या कडेला दुमजली इमारत, लांब व्हरांडा, फिनेलचा वास. ऑपरेशन झालेली, घरी एकटी राहू न शकणारी माणसं इथे महिनोन्‌महिने असतात. दारावरच्या बोर्डावर 'सुश्रुषा' असं लिहिलंय. माझा हात तिथवर पोचत नाही, त्यामुळे ते तसंच आहे. इथलं मला दिसतं कसं, असं विचाराल. टॅबलेटला डोळा आहे, कान आहे. ते माझे नव्हेत, पण एका घरात राहिलं की शेजाऱ्याचं भांडण ऐकू येतंच.

माझा टॅबलेट एका आजींच्या वाट्याला आला. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती, कानाला हेडफोन आणि तोंडाने "नंबर सांगा". हजारो लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, आणि म्हातारपणी घशाचं ऑपरेशन होऊन स्वतःचाच आवाज गेला. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, पेन धरवत नव्हतं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं सरळ होतं, त्या एका बोटाने त्या टकटक लिहायच्या. नजर अक्षरांच्या बटणांवर, तोंड घट्ट मिटलेलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी नर्सबाईंना ऐकवलं, "सिस्टर, तुमच्या चपलांचा आवाज फार गोड आहे, पण दुपारी दोन तास नको." नर्सबाई आधी चपापल्या, मग हसल्या. आजींचं असंच असायचं. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली, तर म्हणाल्या, "काढते, पण बोलायला सांगू नका."

आणि शुद्धलेखन! मला दिवस दिवस कामच नसे. 'शुश्रूषा' हा शब्द त्यांनी एका दमात बरोबर लिहिला तेव्हा मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. मी आत स्वस्थ बसून त्यांचं बोलणं ऐकायची. आयुष्यातले माझे बरे दिवस म्हणाल तर तेच.

एक मात्र अडचण होती. पाटीला कुजबुजता येत नाही. नर्सबाईंना व्हरांड्यातून ऐकू यावं म्हणून आवाज वरच्या टोकाला नेऊन ठेवलेला. आजींनी काहीही लिहिलं की ते शेजारच्या चार खाटांना आणि दारातल्या झाडूवाल्याला एकदमच कळायचं. तुम्हीच विचार करा, ज्याला हळू बोलता येत नाही त्याने मनातलं कसं बोलावं?

आजींचा मुलगा रोज संध्याकाळी कामावरून थेट यायचा. मोठा माणूस, केस पिकायला लागलेले, पण आईच्या पायांची नखं स्वतः कापायचा, सिस्टरना हात लावू द्यायचा नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून तिच्यासोबत डबा खायचा. आजींनी एकदा त्याला सरळ सांगितलं होतं. पाटी म्हणाली, "मला घरी जायचंय."

त्याने घास खाली ठेवला. "आई, तिथे एकटी राहणार तू? माझी नोकरी दुसऱ्या टोकाला. पडलीस-बिडलीस तर हाक कशी मारणार गं?"

एवढं बोलून त्याने डबा बाजूला सारला. त्या दिवशी डबा तसाच बंद झाला. आजींनी त्या बंद डब्याकडे पाहिलं आणि लिहिलं, "बरं. राहते इथेच."

"कायमचं?"

"कायमचं."

"मग घरमालकांना कळवतो. महिनाअखेरीला घर रिकामं करू या."

"कर," पाटी म्हणाली. शब्द शुद्ध होता, मी गप्प राहिले. पण ती दोन अक्षरं लिहिताना आजींचं बोट दोनदा भलतीकडे गेलं होतं आणि त्यांनी ते दोन्ही वेळा खोडलं होतं. ते मी पाहिलं होतं.

त्या घरासमोरच्याच दारात आजींची धाकटी बहीण राहायची. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती रविवारी भाच्याच्या गाडीतूनच यायची, आणि भाचा पूर्ण वेळ तिथेच बसलेला. म्हणजे बहिणीशी जे बोलायचं ते मुलासमोर, आणि तेही मोठ्याने. आजींनी त्यावर एक युक्ती काढली. पुढे काय झालं ते समजायला ही युक्ती आधी सांगायला हवी, नाहीतर माझ्यासारखाच तुमचाही गोंधळ होईल. मला ती पुष्कळ उशिरा कळली.

तुम्ही लहानपणी च-ची भाषा बोललायत का? शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी च घालायचा आणि ते अक्षर उचलून शब्दाच्या शेवटी टाकायचं. पाणीचं चाणीप. मलाचं चलाम. या दोघी बहिणी लहानपणी वडिलांच्या नाकाखाली तासन्‌तास असं बोलायच्या, आणि वडिलांना वाटायचं की पोरी काहीतरी पाठ करताहेत.

तर त्या रविवारी मुलगा उशी सारखी करत होता, धाकटी बहीण पायाशी बसली होती. आजींनी एका बोटाने लिहिलं: चलाम चरीघ चेन. म्हणजे मला घरी ने.

आता माझी काय अवस्था झाली असेल! 'चलाम' माझ्याकडे नव्हतं. सगळ्यात जवळचा सापडला 'सलाम'. ठेवला. 'चरीघ' नव्हतं. खूप शोधाशोध करून 'गरीब' मिळालं. ठेवलं. 'चेन' मात्र होतं. आजींची नजर बटणांवर, त्यांनी वर पाहिलंच नाही आणि हिरवं बटण दाबलं.

"सलाम गरीब चेन," पाटी कडाडली.

मुलाच्या हातातली उशी खाली पडली. "काय? काय म्हणालीस आई?"

आजींना वाटलं, आपलंच बोट चुकलं. त्यांनी घाईने पुन्हा लिहिलं. त्याला सांग, म्हणजे 'च्यालात चांगस'. मी काय करणार? स्पेस पडली की माझे हात आपोआप चालतात.

"प्यालात चांगलं," पाटी म्हणाली. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ दचकून उठून बसले.

आजींनी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. हे नको, हे नको असं त्यांना म्हणायचं होतं. 'चेह चकोन'. मी चेहचं देह केलं आणि चकोनचं चौकोन.

"देह चौकोन. देह चौकोन."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला आवाज नाही. आवाज पाटीचा आहे, आणि ती मी ठेवलेले शब्दच वाचते. धाकटी बहीण पदराने डोळे पुसत राहिली. तिच्या कानावर च-ची भाषा पडलीच नव्हती, नुसती बडबड पडली होती. मुलगा डॉक्टरांना आणायला धावला.

डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली. आजींनी लिहिलं, "डॉक्टर, मी शुद्धीवर आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे." डॉक्टरांनी मान हलवली आणि मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच म्हणतात सगळे. शब्दांचा गोंधळ व्हायला लागलाय. या वयात होतं. आता यांना एकटं ठेवायचा प्रश्नच येत नाही."

बघा, कशी गंमत आहे. घरी जायला म्हणून निघालेलं वाक्य, त्यानेच घराचं दार लावून टाकलं. त्यानंतर आजींनी सरळ, स्वच्छ, शुद्ध लिहिलं तरी कुणी मनावर घेईना. "मला घरी जायचंय" असं त्यांनी नर्सबाईंना सांगितलं, तर त्या लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाल्या, "हो हो आजी, जाऊ हं, भुर्र जाऊ." त्या 'भुर्र'ने आजींचा चेहरा एकदम उतरला.

पण टेलिफोनवाल्या बाईच त्या. एका दुपारी वॉर्ड निजला होता तेव्हा त्यांनी पुन्हा 'चलाम' लिहिलं, आणि या वेळी नजर बटणांवर ठेवली नाही, वर ठेवली. स्पेस दाबली. चलामचा सलाम होताना त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा सलाम. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी जे लिहिलं ते मी कधी विसरायची नाही.

"तू कोण गं, मधे बोलणारी?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला प्रश्न विचारला. मला उत्तर द्यायचं होतं. बाई, मी रेघ, माझ्या हातात काही नाही, मला असंच शिकवलंय. पण सगळे शब्द बरोबर होते, आणि शब्द बरोबर असले की मी गप्प. तेवढंच मला येतं.

आजींनी नर्सबाईंना बोलावलं आणि आपल्या धंद्याच्या भाषेत सांगितलं, "सिस्टर, लाइनवर तिसरं कोणीतरी आहे. माझं बोलणं बदलतंय."

नर्सबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघितला आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं की आजींना आता भासही व्हायला लागलेत. संध्याकाळच्या गोळ्यांत एक गोळी वाढली. खरं बोलून माणूस आणखी किती खोल रुतत जातो, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्या आत अडकलेल्या आणि मी त्यांच्याही आत. माझ्यामुळे त्या कोंडल्या गेल्या होत्या आणि सुटायला मीच आडवी येत होते.

पण तेव्हापासून आजी मला तपासायला लागल्या. दुपारी गोळीची गुंगी उतरली की एकेक शब्द टाकायच्या आणि मी काय करते ते बघायच्या. चाणीप टाकलं, मी काहीतरी भलतंच ठेवलं. चरीघ टाकलं, पुन्हा गरीब. मग त्यांनी 'चेन' टाकलं. स्पेस. चेन तसंच राहिलं. मला त्याला हात लावायची परवानगीच नव्हती, कारण चेन हा शब्द साठ्यात आहे, साधा, सगळ्यांच्या ओळखीचा. आजींनी तो शब्द कितीतरी वेळ निरखला. त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण त्या हसत होत्या.

पुढचा रविवार आला. महिना संपत आला होता, मुलाने येताना घरातलं सामान भरायला आणलेल्या खोक्यांबद्दल मावशीला काही विचारलं आणि मावशी नुसतं हूं म्हणाली. दोघं बसले. आजींनी मुलाकडे पाहिलंच नाही. बहिणीकडे बघत त्यांनी एक शब्द लिहिला आणि बटण दाबलं.

"चेन," पाटी म्हणाली.

"चेन?" मुलगा पुढे झाला. "गळ्यातली? अगं, ती कपाटात आहे. काळजी नको करूस, मी नीट ठेवलीय."

"चेन."

नर्सबाई धावल्या. "पर्सची चेन अडकली का आजी? द्या, मी लावून देते." त्यांनी खाटेखालची पर्स काढून तिची चेन दोनदा उघडझाप करून दाखवली.

"चेन. चेन. चेन."

मी प्राण एकवटून गप्प होते. एरवी गप्प बसणं ही माझी शिक्षा असते, त्या दिवशी तीच माझी मदत होती. धाकटी बहीण आधी डोळ्यांना पदर लावायला निघाली. मग तिचा हात अर्ध्यावर थांबला. ताई तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती वेड्या बाईची नजर नव्हती. बहिणीने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. चे... न. ने.

ती खाटेच्या कडेला सरकली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "चेतेन चाईत."

नेते, ताई.

मुलगा खुर्चीतून उठला. "मावशी! तुलाही?"

"गप्प बस रे. मोठी माणसं बोलताहेत ना," मावशी म्हणाली, आणि मग हसता हसता रडायला लागली. तिने त्याला सगळं सांगितलं. च-ची भाषा सांगितली, आजोबांना कसं फसवायचो ते सांगितलं, आणि आत्ता त्याची आई काय म्हणतेय तेही सांगितलं. मुलगा ऐकत राहिला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"आई, मग मला सरळ सांगायचं ना. माझ्यापासून का लपवलंस?"

आजींनी सावकाश लिहिलं. पाटी म्हणाली, "सांगितलं होतं. तू त्या दिवशी जेवला नाहीस."

नर्सबाई पर्स हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. मग मुलगा हळूच म्हणाला, "पण हाक कशी मारणार गं?"

"हाक मारायला आवाजच लागतो होय रे?" मावशी उसळली. "ताटावर डाव आपटेल! माझं दार समोर, आणि या वयात मला झोप लागते कुठे? वेड्या, विचारायचंस तरी मला आधी!"

खोकी परत गेली. डॉक्टरांनी जास्तीची गोळी बंद केली, आणि थोडे दिवस ते आजींच्या खाटेपाशी आले की उगाच घड्याळात बघायचे.

निघायच्या दिवशी आजींनी साडी नेसून, केस विंचरून, खाटेवर बसून माझ्यावर शेवटचं लिहिलं. "लाइनवरच्या बाई, येते मी. पुढच्याला नीट जोडून द्या." पाटीने ते मोठ्याने वाचलं आणि सगळे हसले. त्यांना वाटलं, आजींचा विनोद. मला तेवढं कळत होतं की तो विनोद नव्हता.

मुलाने माझ्याबद्दल कंपनीला पत्र पाठवलं होतं म्हणे. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी अमोल आहे. माझी आई, ती टोपणं चावणारी, तोवर तिथली नोकरी सोडून गेली होती. टॅबलेट केंद्राचा होता, तो इथेच राहिला. आजींसाठी मुलाने घरी साधी खडू-पाटी आणली असं मावशी नर्सबाईंना सांगत होती. त्यांच्या वाकड्या मुठीत खडू बसतो म्हणे, पेन बसत नसलं तरी. मला बरं वाटलं, आणि हेवाही वाटला. खडू मधे बोलत नाही.

आता मी खिडकीजवळच्या आजोबांकडे असते. त्यांचं अर्धं अंग गेलंय आणि बोलणंही. डाव्या हाताने ते दिवसभरात एकच शब्द लिहितात. टिकूम.

टिकूम माझ्याकडे नाही. सगळ्यात जवळचा शब्द आहे 'टिकून'. त्यांनी स्पेस दाबली की मी तो ठेवते, आणि पाटी खणखणीत म्हणते, "टिकून."

"शाब्बास आजोबा!" नर्सबाई म्हणतात. "टिकूनच राहायचं! केवढी जिद्द आहे बघा." नवीन आलेल्या पेशंटना त्यांचं उदाहरण देतात. कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'टिकून राहा' असं लिहून त्यांच्या उशाशी भिंतीवर चिकटवलंय. आजोबा ते बघतात आणि डोळे मिटून घेतात. त्यांचा एक पुतण्या महिन्याकाठी येतो, सह्या करतो आणि जातो. त्यांना धाकटी बहीण नाही. असली तरी इथवर आलेली नाही.

टिकूम कोण, मला माहीत नाही. बायकोचं लाडाचं नाव असेल. लहानपणी गेलेला भाऊ असेल. मांजर असेल, गाव असेल, खेळ असेल. पण एक मला पक्कं कळतं, कारण जन्मभर मी तेवढंच पाहत आलेय. चुकणारा माणूस रोज वेगळं चुकतो. हे रोज तेच लिहितात, तोच ऱ्हस्व, तोच दीर्घ. म्हणजे ते चुकत नाहीयेत.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. कधी अशा एखाद्या केंद्रात कुणाला भेटायला आलात, तर पाटी काय म्हणते ते ऐकू नका. लिहिणाऱ्याच्या बोटाकडे बघा. स्पेस पडायच्या आधी शब्द वाचून घ्या, आणि आपल्या तोंडाने तो एकदा मोठ्याने म्हणा. आजोबांनी तो इतक्या वेळा लिहिलाय, पण मी तो अजून एकाही माणसाच्या कानावर पडू दिलेला नाही.

आत्ता दुपारचा चहा येऊन गेला. नर्सबाई पलीकडच्या खाटेवर आहेत. आजोबांनी टॅबलेट पुढे ओढलाय. टि लिहिलं. कू लिहिलं. म लिहिलं. मी त्याच्याखाली उमटलेय, लाल. आता त्यांचं बोट स्पेसकडे निघालंय.

आजोबा, नका ना दाबू.